व्याधीचे स्थान : वांद्रे-मुंबई परिसरातील मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांच्या आकलनाचा इतिहास

रोगाला नाव देणे आणि रोगाचे स्थान निश्चित करणे या दोन भिन्न क्रिया होत. नाव बहुधा लक्षणावरून पडते आणि समाज ते शास्त्राची वाट न पाहता आपल्या भाषेत देऊन मोकळा होतो. स्थान मात्र शोधावे लागते. मेंदू व मज्जातंतू यांच्या विकारांत या दोहोंमधील अंतर विशेष मोठे असते, कारण विकार एके ठिकाणी असतो आणि दिसतो दुसऱ्याच ठिकाणी. मेंदूच्या डाव्या अर्धगोलात रक्तस्राव होतो आणि लुळा पडतो तो उजवा हात. कोपरामागील मज्जातंतू सुजतो आणि वाकडी होते ती करंगळी. या विकारांच्या आकलनाचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्यांच्या स्थानाविषयीच्या कल्पना कशा पालटत गेल्या याचा इतिहास होय. मुंबई आणि तिच्या उत्तरेचे वांद्रे या परिसरात हा पालट कोणत्या क्रमाने घडला, आणि शास्त्राने निश्चित केलेले स्थान समाजाने व कायद्याने केव्हा व कितपत मान्य केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. दिसते तेथेच व्याधी

वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीच्या देवालयास कोळी व इतर मराठी भाविक ‘मोत माउली’ या नावाने ओळखतात. देवालयाची सध्याची वास्तू १९०४ सालची असली, तरी तेथील भक्तिपरंपरा तिच्याहून पुष्कळ जुनी, पोर्तुगीज काळातील आहे. सप्टेंबरात मेरीच्या जन्मोत्सवानंतर आठवडाभर भरणाऱ्या जत्रेस ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू, पारशी व मुसलमानही येतात. या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोकी आणि बालकांच्या आकृती विकावयास ठेवलेल्या असतात. ज्याचा जो अवयव व्याधिग्रस्त, त्याने तो मेणाचा अवयव वाहावा असा प्रघात आहे. ज्या मुलाचे पाय ताठरलेले असतात त्याची आई पाय वाहते.

इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रघातास भाबडेपणा म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. व्याधी जेथे दिसते तेथेच ती असते, हे त्यामागील गृहीत आहे. आणि हेच गृहीत रोजच्या मराठी भाषेतही आढळते. ‘पाय लुळे पडले’, ‘तोंड वाकडे झाले’, ‘हात गेला’ या सर्व प्रयोगांत व्याधीचा कर्ता अवयव आहे. ‘अंगावरून वारे गेले’ हा वाक्प्रचार थोडा पुढे जातो. त्यात कारणाचाही निर्देश आहे, आणि ते कारण शरीरात शिरणारा किंवा शरीरातच बिघडणारा वायू हे आहे.

या वाक्प्रचाराच्या मागे आयुर्वेदाची दीर्घ परंपरा उभी आहे. पक्षवध, अर्दित, गृध्रसी हे विकार चरकसंहितेने वातव्याधींत घातले. चेतनेचे अधिष्ठान हृदय मानल्यामुळे मेंदूकडे लक्ष जाण्यास त्या विचारात फारसा अवसर नव्हता. परंतु निरीक्षणाच्या दृष्टीने ही परंपरा किती सूक्ष्म होती हे अपस्माराच्या उदाहरणावरून दिसते. स्मृतीचा अपगम तो अपस्मार, अशी ही संज्ञा आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात, दोन्ही ठिकाणी, उन्माद आणि अपस्मार यांना स्वतंत्र अध्याय आहेत. ते एकमेकांस लागून येतात, त्यांच्यात साम्यही सांगितले जाते. तथापि ते एक मानलेले नाहीत. या भेदाचे महत्त्व पुढे कायद्याच्या विवेचनात स्पष्ट होईल.

लोकव्यवहारात मात्र हा भेद टिकला नाही. फेफरे आलेल्या माणसास कांदा किंवा वहाण हुंगविणे, त्याच्या मुठीत लोखंडी किल्ली देणे, आणि झटके वारंवार येऊ लागल्यास भगताकडे अथवा देवर्ष्याकडे नेणे, हे उपाय गावोगाव चालत. बाधा बाहेरची ठरली की व्याधीचे स्थान शरीराच्याही बाहेर जाई.

२. त्वचेकडून मज्जातंतूकडे

१८४५ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय आहे. याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि त्याच्या शेजारी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय सुरू झाले. याच वर्षी जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून बांधलेला माहीम-वांद्रे बांधरस्ताही वाहतुकीस खुला झाला. साष्टी बेटावरील रोगी खाडी न ओलांडता, पायी किंवा गाडीने, शहराच्या रुग्णालयापर्यंत पोहोचू शकेल अशी सोय आणि त्याला तपासण्याचे नवे शास्त्र एकाच वेळी, एकाच घराण्याच्या दानातून उपलब्ध झाले.

१८५८ साली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा तरुण शल्यवैद्य मुंबईस आला. त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रे याच्या शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथातील आकृत्या त्याने काढलेल्या होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचे अध्यापन आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जनचे काम करीत असता त्याने कुष्ठरोगाचा अभ्यास हाती घेतला. त्या काळी हा रोग मुख्यतः त्वचेचा, किंवा रक्त बिघडल्याने होणारा मानला जाई. ‘रक्तपिती’ हे मराठी नाव त्याच समजुतीचे द्योतक आहे. नॉर्वेत डॅनियलसन आणि बोएक यांनी १८४७ मध्येच मज्जातंतूंतील विकृतीकडे लक्ष वेधले होते. कार्टरने मुंबईत शवविच्छेदन करून तीच दिशा अनुसरली. रेखाटनकाराचा डोळा आणि शवागारातील सुरी यांचा त्याच्या ठायी संयोग झालेला होता. बधिरता आणणाऱ्या प्रकारातील जाड झालेल्या मज्जातंतूंचे त्याने वर्णन केले, आणि १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सचित्र ग्रंथात या विकृतीस महत्त्वाचे स्थान दिले. हॅन्सेनने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला, त्या सुमारास कार्टर नॉर्वेस जाऊन तेथील व्यवस्था पाहून आला होता.

या स्थानांतराचा अर्थ नीट समजून घेणे अवश्य आहे. कुष्ठरोगात बोटे ‘गळतात’ अशी समजूत सार्वत्रिक होती. वास्तविक मज्जातंतू निकामी झाल्याने हाताची संवेदना जाते. तव्याचा चटका किंवा काट्याचे टोचणे कळत नाही. जखमा चिघळतात आणि हळूहळू हाडे झिजतात. कोपरामागील मज्जातंतू बिघडला की करंगळी व अनामिका आत वळतात; गुडघ्याजवळचा बिघडला की पाऊल लोंबते. म्हणजे लोक ज्या विद्रूपतेस भीत, तिचा पुष्कळसा भाग संवेदनाहीनतेचा परिणाम होता आणि तो काळजीने टाळता येण्याजोगा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंटिया यांनी वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करून हा विचार व्यवहारात उतरविला.

शासनाने मात्र कार्टरच्या शरीरशास्त्रातून वेगळाच बोध घेतला. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. मराठी वाचकांस ॲकवर्थ हे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे म्हणून परिचित आहेत. आश्रयस्थानामुळे निराधारांस अन्न व औषध मिळाले हे खरे. परंतु १८९८ च्या कायद्याने भिकारी कुष्ठरोग्यांस पकडून अशा ठिकाणी ठेवण्याचा अधिकार शासनास दिला. रोगाचे स्थान मज्जातंतूत आहे असे शास्त्र सांगत होते. कायद्याने त्याचे स्थान रस्त्यावर वावरणाऱ्या दरिद्री माणसात पाहिले.

३. शवागाराकडून रुग्णशय्येकडे

कार्टरच्या पद्धतीत व्याधीचे स्थान मृत्यूनंतर कळे. जिवंत रोग्याची चाल, डोळ्यांची हालचाल, गुडघ्यावर हातोडी मारली असता पायास बसणारा झटका यांवरून मेंदू, मज्जारज्जू की मज्जातंतू, यांपैकी बिघाड कोठे आहे हे ठरविण्याची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाली. भारतात ती स्वतंत्र विद्याशाखा म्हणून रुजण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. १९५१ मध्ये जेकब चांडी, बी. रामामूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग यांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईत याच दशकात के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एडी भरुचा यांनी, आणि १९५७ पासून जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी या शाखेचा पाया घातला. १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले होते. तरी या शाखेची प्रमुख केंद्रे बांधरस्त्याच्या दक्षिणेसच राहिली, आणि उपनगरातील रोग्यास परळ किंवा भायखळा गाठावे लागे.

या रुग्णशय्येवरील निरीक्षणाचे सामर्थ्य १९७१ मधील दोन घटनांवरून दिसून येते. पहिली घटना साथीची होय. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात प्रथम आढळलेली, डोळे लाल करून रक्तस्राव घडविणारी साथ १९७१ मध्ये मुंबईस पोहोचली. बंगालमध्ये तिला त्या वर्षीच्या घडामोडींवरून ‘जय बांगला’ हे नाव पडले. डोळे येणे हा चार दिवसांचा त्रास म्हणून कोणी तो गंभीर मानला नाही. परंतु डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काही रोग्यांचे, विशेषतः प्रौढांचे, पाय लुळे पडू लागले. लहान मुलांच्या पोलिओसारखा हा प्रकार प्रौढांत दिसणे असाधारण होते. भरुचा व वाडिया या दोघांच्याही विभागांतून १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात यासंबंधीचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. विकार मज्जारज्जू व त्यातून निघणाऱ्या मज्जामुळांत आहे आणि त्याचा संबंध डोळ्यांच्या साथीशी आहे, ही गोष्ट जगापुढे ठळकपणे आली ती मुंबईच्या रुग्णालयांतून. येथे व्याधी दिसली डोळ्यांत आणि पायांत. तिचे मर्मस्थान दोहोंच्या मधे होते.

दुसरी घटना आनुवंशिकतेची. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचे वर्णन केले. या कुटुंबांतील व्यक्तींचा तोल जात असे, चाल अडखळत असे. इतपत लक्षणे पूर्वी ज्ञात होती. वाडियांना लक्षणीय वाटली ती डोळ्यांची मंद हालचाल. निरोगी मनुष्य एका वस्तूवरून दुसरीकडे दृष्टी क्षणार्धात नेतो. या रोग्यांचे डोळे संथपणे सरकत. केवळ या निरीक्षणाच्या बळावर लहान मेंदूच्या ऱ्हासाचा एक स्वतंत्र प्रकार वेगळा करण्यात आला. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यास कारणीभूत होणारे जनुक सापडले आणि तो भेद यथार्थ असल्याची साक्ष मिळाली. व्याधीचे स्थान आता एका देहात मावेनासे झाले. ते पिढ्यांतून वाहणाऱ्या वंशात आहे असे दिसून आले.

४. रुग्णालयाकडून घराकडे

रुग्णालयातील निरीक्षणास एक अंगभूत मर्यादा असते. तेथे येतो तो रोगी. न येणारा रोगी शास्त्रास अज्ञात राहतो. हात थरथरणारा वृद्ध ‘वय झाले’ म्हणून घरीच बसतो. फेफरे येणाऱ्या मुलीचे आईबाप तिच्या लग्नाच्या चिंतेने दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यामुळे कोणता मज्जाविकार सामान्य आणि कोणता विरळा, याचे उत्तर रुग्णालयाच्या नोंदवहीतून मिळत नाही.

हे उत्तर मिळविण्याचा महत्त्वाचा प्रयत्न डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत केला. घरोघर जाऊन प्रथम प्रश्नावलीने चाळणी करावयाची आणि संशयितांची नंतर तज्ज्ञांकडून तपासणी करावयाची, अशी पद्धती होती. १४,०१० व्यक्तींची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाचे, प्रमाण दर लाखास सुमारे ३२८ आढळले. त्या वेळी जगात नोंदल्या गेलेल्या मोठ्या प्रमाणांपैकी हे एक होते. अपस्माराचा त्रास आयुष्यात केव्हातरी झालेल्यांचे प्रमाण दर हजारास सुमारे ४.७ आणि त्या वेळी चालू असलेल्यांचे सुमारे ३.६ भरले.

हे आकडे उद्धृत करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे आणि कंपवात हा मुख्यतः उतारवयाचा विकार आहे. म्हणून हा आकडा संपूर्ण मुंबईस लावणे सयुक्तिक होणार नाही. शिवाय हा समाज लहान, सुशिक्षित आणि वसाहतींत एकत्र राहणारा असल्याने अशी पाहणी त्यात शक्य झाली. वांद्र्याच्या कोळीवाड्यात अथवा धारावीच्या झोपडपट्टीत ती तितक्या सुलभतेने झाली नसती. तरीसुद्धा या पाहणीने पद्धतीचा जो धडा दिला तो मोलाचा आहे. विकाराची व्याप्ती जाणून घ्यावयाची तर संशोधकाने उंबरठा ओलांडून घरात जावयास हवे.

५. विवाह, कायदा आणि अपस्मार

घरापर्यंत गेलेल्या या शोधाची गाठ शेवटी विवाहसंस्थेशी पडते. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यातील पाचव्या कलमात विवाहाच्या अटी सांगताना अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो आला. वेडाचे अथवा अपस्माराचे वारंवार झटके येत असलेली व्यक्ती विवाहाची अट पूर्ण करीत नाही, असे ठरले आणि तसा विवाह रद्द करवून घेण्याची वाट मोकळी झाली. विशेष विवाह कायद्यातही तशीच भर पडली.

ही तारीख विचारात घेण्याजोगी आहे. फिनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात होते. मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख काढता येत होता. आणि १९७० च्या सुमारास एडी भरुचा यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन एपिलेप्सी असोसिएशन स्थापन झालेली होती. म्हणजे मेंदूच्या एका भागातील अतिरिक्त विद्युत्-स्राव हे अपस्माराचे स्वरूप ज्ञात असताना आणि पुष्कळांचे झटके औषधाने थांबविता येत असताना कायद्याने त्यास वेडाच्या जोडीला बसविले. चरकसंहितेने ज्या दोन व्याधींना दोन अध्याय दिले, त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कायद्याने एका पोटकलमात कोंबले. परिणाम उघड होता. रोग लपविण्यास उत्तेजन मिळाले. लग्नानंतर सासरी औषध दिसू नये म्हणून ते अकस्मात बंद करण्याचा मोह वाढला. आणि औषध एकाएकी बंद केल्याने झटके पूर्वीपेक्षा तीव्र होऊन प्राणावर बेतू शकते. या दुरुस्तीचा भार स्त्रियांवर अधिक पडला.

अपस्माररुग्णांच्या संघटनेने व तज्ज्ञांनी केलेल्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या दुरुस्तीने ‘अथवा अपस्मार’ हे शब्द दोन्ही कायद्यांतून वगळण्यात आले. तेवीस वर्षांनी कायदा मूळ स्थितीस आला. कुष्ठरोगाच्या बाबतीत याहून दीर्घ काळ लागला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले. बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो हे १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झालेले होते.

६. वांद्रे रेक्लमेशन : पाय की मेंदू

वांद्र्यात, समुद्र हटवून तयार केलेल्या रेक्लमेशनच्या भूमीवर, मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, ग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे केंद्र आहे. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये कुलाब्यास स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुढे हिचेच नाव ‘अडॅप्ट’ असे झाले. वांद्र्याच्या पाली हिलवर राहणाऱ्या अभिनेत्री नर्गिस या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या.

जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतर लवकरच विकसित होणाऱ्या मेंदूस इजा झाल्याने हा विकार होतो. विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये त्याचा संबंध प्रसूतिसमयीच्या अडचणींशी जोडला होता. फ्रॉइड यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विस्तृत वर्गीकरण केले. मेंदूची इजा वाढत नाही, पण स्नायूंवरील नियंत्रण बिघडलेले राहते. पाय ताठरतात, हात अनिच्छेने हलतात, बोलणे अस्पष्ट होते. बोलणे कळत नाही म्हणून बुद्धीही नाही असा निष्कर्ष शेजारी, शिक्षक आणि कित्येकदा वैद्यही काढीत. वास्तविक या मुलांपैकी अनेकांची बुद्धी शाबूत असते. अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले. बोटाने एकेक अक्षर टंकित करून व्यक्त होणाऱ्या व्यक्तीचे ते लेखन म्हणजे या गैरसमजाचे सर्वांत प्रभावी खंडन होय.

कायद्याने या विकारास कोठे बसविले हे पाहणे उद्बोधक आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्याने हाडे, सांधे व स्नायू यांच्या अपंगत्वाची व्याख्या करतानाच तिच्यात मेंदूच्या पक्षाघाताचा अंतर्भाव केला. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले; कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांना मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकार म्हणून निराळा विभाग दिला; मेंदूच्या पक्षाघाताचे मूळ मेंदूच्या इजेत आहे असेही व्याख्येत स्पष्ट म्हटले. तथापि परिशिष्टात हा विकार, बरे झालेल्या कुष्ठरोग्यांसह, चलनवलनाच्या अपंगत्वाच्या गटातच राहिला. प्रमाणपत्र, सवलत आणि चाकाची खुर्ची यांच्या दृष्टीने या वर्गीकरणास काही आधार आहे, कारण अडचण चालण्याफिरण्याची असते. परंतु शाळेत प्रवेश देताना ज्याच्या मेंदूविषयी प्रश्न उपस्थित होतो आणि सवलत देताना ज्याचे पाय मोजले जातात, त्या मुलाच्या व्याधीचे स्थान व्यवहारात अद्याप दोन ठिकाणी विभागलेले आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की या परिसरात मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांचे स्थान क्रमाने अवयवाकडून मज्जातंतूकडे, मज्जातंतूकडून मज्जारज्जू व मेंदूकडे, आणि मेंदूकडून वंश व कुटुंब यांकडे सरकत गेले. प्रत्येक टप्प्यास निरीक्षणाची जागा बदलल्याने चालना मिळाली : कार्टरचे शवागार, भरुचा-वाडियांची रुग्णशय्या, पारशी वसाहतीतील घर, वांद्र्यातील शाळा. नव्या जागी गेलेल्या संशोधकास जुन्या जागी न दिसलेली गोष्ट दिसली.

मात्र शास्त्राची गती आणि समाजमान्यतेची गती समान राहिलेली नाही. कार्टरच्या ग्रंथापासून २०१९ च्या कायद्यापर्यंत एकशे पंचेचाळीस वर्षांचे अंतर पडते. अपस्माराच्या बाबतीत तर कायदा शास्त्राच्या मागे राहिला एवढेच नव्हे, तर १९७६ मध्ये तो उलट दिशेस गेला. म्हणून वैद्यकाचा इतिहास केवळ शोधांच्या तारखांनी लिहिणे अपुरे होय. एखादा शोध विवाहाच्या अटींत, शाळेच्या प्रवेशपत्रिकेत आणि अपंगत्वाच्या दाखल्यात केव्हा उतरला, हेही त्याच काटेकोरपणे नोंदविले पाहिजे. मुंबई व उपनगरांतील महापालिका रुग्णालयांच्या नोंदवह्या, न्यायालयांतील विवाहविषयक निवाडे आणि स्वयंसेवी संस्थांची दप्तरे ही या अभ्यासाची साधने आहेत. ती एकत्र वाचली गेली तरच रोग्याने शास्त्राचा लाभ घेण्यापूर्वी किती काळ वाट पाहिली, याचे उत्तर मिळू शकेल.